हरणाच्या शिकारीसाठी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल: आधी काडतूस ठरवावे की बंदूक?

माळरान (मध्य ओहायो)

लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (चापाखालचा दांडा, म्हणजे लिव्हर, ओढून पुढचे काडतूस भरायची बंदूक) घ्यायची म्हटले की बहुतेक जण आधी दुकानात जातात, अक्रोडाचा दस्ता आणि चकाकणारा रिसीव्हर (बंदुकीचा मधला धातूचा सांगाडा) पाहून हरखतात, बंदूक घरी आणतात आणि मग तिचे काडतूस आपल्या राज्यात हरणासाठी चालते की नाही याची चौकशी करू लागतात. हा क्रम उलटा असायला हवा. कुठे शिकार करणार, किती अंतरावरून खात्रीने नेम लागतो, त्या अंतराला कोणते काडतूस पुरते, आणि ते काडतूस कोणत्या बंदुकीत मिळते, याच क्रमाने विचार केला तर निवड बरीच सोपी होते. अमेरिकेत राहणाऱ्या आणि शेजाऱ्यांच्या किंवा सहकाऱ्यांच्या सोबतीने शिकारीकडे वळलेल्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. पुढचे सगळे विवेचन अमेरिकेतल्या परवान्याच्या, हंगामाच्या चौकटीतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीपुरतेच आहे.

आमच्या ओहायोपासून सुरुवात करतो. इथे हरणासाठी मान आवळलेली, म्हणजे बाटलीच्या आकाराची काडतुसे वापरता येत नाहीत. बंदुकीच्या हंगामात पूर्वी मुख्यतः छऱ्याच्या बंदुकीतून झाडायची एकसंध गोळी किंवा ठासणीची बंदूक हेच पर्याय असत. २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी मिळाली, आणि आता .३५७ ते .५० इंच व्यासाची सरळ काडतुसे चालतात. यामागचा विचार असा की सपाट शेतजमीन आणि विखुरलेली घरे असलेल्या प्रदेशात गोळी फार दूर जाऊ नये. या एका नियमामुळे, जिच्या आधारावर अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीची निम्मी परंपरा उभी आहे ती ३०-३० काडतुसाची रायफल ओहायोत बाद ठरते. या काडतुसाची मान अगदी थोडी आवळलेली आहे, पण आवळलेली आहे. विंचेस्टर कंपनीची ३०-३० ची सुंदर जुनी रायफल वारशाने मिळालेली माणसेदेखील इथे ती हरणासाठी नेऊ शकत नाहीत.

दुसरी गोष्ट अंतराची. हरणाच्या छातीतला फुप्फुसे आणि हृदय असलेला भाग साधारण आठ इंच व्यासाचा असतो. तेवढीच कागदी थाळी पुठ्ठ्याला लावावी आणि ५० यार्डांपासून सुरुवात करावी (एक यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडे कमी). बाकावर वाळूची पिशवी ठेवून नव्हे, तर रानात जसे बसाल, गुडघा टेकाल किंवा झाडाच्या खोडाला टेकून उभे राहाल तसेच राहून, हातमोजे आणि जाड जाकीट घालून गोळ्या झाडाव्यात. सगळ्या गोळ्या थाळीत पडल्या तर २५ यार्ड मागे जावे. जिथे पहिली गोळी थाळीबाहेर जाते, त्याच्या अलीकडचे अंतर हीच तुमची मर्यादा. काडतुसाच्या पेटीवर छापलेल्या तक्त्यात २०० किंवा ३०० यार्डांचे आकडे असतात, पण ते काडतुसाविषयी सांगतात, नेमबाजाविषयी नाही. दुर्बिणीशिवाय, बंदुकीच्या टोकावरच्या उघड्या माशीने नेम धरणाऱ्या बहुतेक नवशिक्यांची मर्यादा ७५ यार्डांच्या आसपास निघते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. आमच्या भागातल्या ओढ्याकाठच्या झाडीत हरीण दिसते तेच मुळी ४०-५० यार्डांवर.

आता काडतुसे. ओहायोत लिव्हर-अ‍ॅक्शनसाठी .४४ मॅग्नम, .३५७ मॅग्नम, ४५-७०, .४४४ मार्लिन आणि नव्याने आलेले .३६० बकहॅमर हे मुख्य पर्याय आहेत.

.४४ मॅग्नम हे १९५५ मधले मूळचे पिस्तुलाचे काडतूस आहे. पण २० इंची बॅरलमधून (गोळी बाहेर पडायच्या नळीतून) २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे छोटे माप) गोळी सुमारे १,७५० फूट प्रति सेकंद वेगाने निघते, म्हणजे पिस्तुलापेक्षा कितीतरी जोरात. १०० यार्डांपर्यंत हरणासाठी ते पूर्णपणे विश्वासार्ह आहे. त्यापुढे गोळी झपाट्याने खाली येते, आणि १०० यार्डांवर नेम बरोबर लागेल अशी जुळवलेली बंदूक २०० यार्डांवर एक फुटाहून बरीच खाली मारते. .३५७ ची १५८ ग्रेनची गोळी १०० यार्डांपर्यंत पोहोचेतो तिच्यात फारच थोडा जोर उरतो. ५०-६० यार्डांच्या आत, योग्य गोळी घेऊन, संयमी नेमबाजाच्या हाती ते चालते. नवशिक्याला मी ते सुचवणार नाही. ४५-७० चे वय थक्क करणारे आहे: १८७३ मध्ये अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले हे काडतूस आजही लोक आवडीने वापरतात. हरणासाठी ३०० ग्रेनची गोळी पुरेशीच नव्हे तर गरजेपेक्षा जास्त आहे, आणि तिचा खांद्याला बसणारा धक्का हीच तिची खरी अडचण आहे.

मी स्वतः मार्लिन कंपनीची .४४ मॅग्नमची १८९४ ही रायफल वापरतो. ती आखूड आहे, झाडीत अडकत नाही, धक्का सोसवतो, आणि सरावासाठी तिच्याच बॅरलमधून .४४ स्पेशलची सौम्य काडतुसे झाडता येतात. या शेवटच्या सोयीला लोक फारसे महत्त्व देत नाहीत, पण ज्या बंदुकीचा सराव आनंदाने होतो तिचाच सराव वर्षभर चालू राहतो.

ओहायोतला आणखी एक नियम लक्षात ठेवावा. हरणाच्या हंगामात चेंबर (झाडायचे काडतूस बसते ती जागा) आणि मॅगझिन (पुढची काडतुसे साठवायची जागा) मिळून तीनपेक्षा अधिक काडतुसे भरता येत नाहीत. मॅगझिनच्या नळीत दहा काडतुसे मावतात म्हणून दहा भरू नयेत.

दगडीपार (मध्य पेनसिल्व्हेनिया)

माळरान, क्रमाविषयी आपण लिहिले आहे त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. आमच्याकडे मात्र याच क्रमाने गेलो तरी उत्तर वेगळे येते.

पेनसिल्व्हेनियात हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. प्रत्येक गोळीनंतर हाताने क्रिया करावी लागेल अशीच बंदूक लागते, आणि म्हणूनच इथल्या डोंगराळ रानांत लिव्हर आणि पंप (पुढची मूठ मागे-पुढे सरकवून भरायची बंदूक) या दोन्ही प्रकारांची परंपरा टिकून राहिली. मान आवळलेल्या काडतुसांवर बंदी नसल्यामुळे ३०-३० इथे निर्धास्तपणे वापरता येते. फिलाडेल्फियाभोवतीच्या काउंट्या आणि पिट्सबर्गची अ‍ॅलेगेनी काउंटी यांचे नियम मात्र वेगळे आहेत; तिथे शिकार करणार असाल तर त्या विभागाचे पान वेगळे वाचावे.

३०-३० विषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हल्ली तिला जुनाट म्हणून बाजूला सारण्याची पद्धत पडली आहे. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेल्या विंचेस्टर १८९४ साठी हे काडतूस १८९५ मध्ये बाजारात आले, आणि धूरविरहित दारू वापरणारे ते अमेरिकेतले पहिले शिकारीचे काडतूस होते. त्या रायफलीच्या ७० लाखांहून अधिक प्रती बनल्या. १७० ग्रेनची गोळी सुमारे २,२०० फूट प्रति सेकंद आणि १५० ग्रेनची सुमारे २,४०० फूट प्रति सेकंद वेगाने निघते. १०० यार्डांवर जुळवली तर २०० यार्डांवर गोळी साधारण आठ इंच खाली येते. म्हणजे १५० यार्डांपर्यंत फार गणित न करता नेम धरता येतो, धक्का मध्यम असतो आणि मांसाची नासाडीही कमी होते. आमच्या डोंगरांत, जिथे दीडशे यार्डांपलीकडे झाडांमधून दिसतच नाही, तिथे याहून जास्त काय हवे?

बंदुकीची निवड करताना माझ्या मते सर्वांत निर्णायक प्रश्न दुर्बीण लावायची की नाही हा असावा. जुन्या विंचेस्टर ९४ मधून रिकामे काडतूस वरच्या बाजूने उडते, त्यामुळे दुर्बीण सरळ वर बसवता येत नाही. १९८० च्या दशकात कंपनीने ते तिरके उडेल अशी सुधारणा केली. मार्लिन ३३६ चा रिसीव्हर वरून सपाट आणि बंद आहे आणि काडतूस उजव्या बाजूने निघते, त्यामुळे कमी ताकदीची दुर्बीण अगदी खाली, बॅरलच्या जवळ बसते. पन्नाशीनंतर मागची खाच, पुढची माशी आणि हरीण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसणे डोळ्यांना जमत नाही. अशा वेळी एक ते चार पट किंवा दोन ते सात पट मोठे दाखवणारी छोटी दुर्बीण लावावी. ती लावल्यावर हॅमरपर्यंत (गोळी झाडण्याआधी अंगठ्याने मागे ताणायच्या घोड्यापर्यंत) अंगठा पोहोचत नाही, म्हणून हॅमरला बाजूला निघणारी छोटी खुंटी बसवून घ्यावी. ती स्वस्त मिळते आणि थंडीत फार उपयोगी पडते.

जुनी ३३६ विकत घेत असाल तर एक गोष्ट तपासावी. मार्लिन रेमिंग्टनच्या ताब्यात गेल्यानंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बंदुकांच्या दर्जाबद्दल बरीच नाराजी होती. रेमिंग्टनच्या दिवाळखोरीनंतर २०२० मध्ये रूगर कंपनीने मार्लिन विकत घेतली आणि उत्पादन नॉर्थ कॅरोलायनातील मेओडन येथे नेले. नॉर्थ हेवनच्या जुन्या कारखान्यातली आणि आता रूगरची, अशा दोन्ही काळातल्या बंदुका मी हाताळल्या आहेत आणि दोन्ही निःशंकपणे सुचवू शकतो. मधल्या काळातली समोर आली तर लिव्हर पूर्ण उघडून-मिटून पाहावी, माशी सरळ उभी आहे का ते बॅरलवरून नजर टाकून पाहावे, आणि लाकूड व धातू यांच्यातली फट बोटाने तपासावी.

सांजवारा (मिशिगन)

इथे ४५-७० चे कौतुक वाचून कोणी मिशिगनमध्ये ती घेऊन येऊ नये म्हणून लिहिते. आमच्या राज्याच्या दक्षिण भागात २०१४ मध्ये सरळ भिंतीच्या काडतुसांना परवानगी मिळाली तेव्हा व्यास किमान .३५ इंच आणि काडतुसाच्या पितळी कवचाची लांबी १.१६ ते १.८० इंच अशी अट घातली गेली. ४५-७० चे कवच सुमारे २.१ इंच लांब असल्यामुळे सरळ असूनही ते त्या अटीत बसले नाही. ओहायोत चालणारे काडतूस शेजारच्या राज्यात बाद, असा हा प्रकार आहे. नियम बदलत राहतात, म्हणून ज्या वर्षी रानात जाणार त्याच वर्षीची राज्याची पुस्तिका वाचावी.

.३६० बकहॅमर हे २०२३ मध्ये रेमिंग्टनने आणलेले काडतूस याच अटींकडे पाहून घडवले आहे. ३०-३० चेच कवच सरळ करून त्याची लांबी बरोबर १.८० इंच ठेवली आहे. २०० ग्रेनची गोळी सुमारे २,२०० फूट प्रति सेकंद वेगाने निघते, म्हणजे .४४ मॅग्नमपेक्षा पल्ला स्पष्टपणे लांब आणि धक्का ४५-७० पेक्षा बराच कमी. माझ्याकडे हेन्री कंपनीची याच काडतुसाची रायफल आहे आणि ती मला अतिशय आवडते. एकच सावधगिरी: हे काडतूस नवे असल्यामुळे प्रत्येक दुकानात मिळत नाही. ऑक्टोबरपर्यंत न थांबता उन्हाळ्यातच, एकाच लॉटच्या पेट्या घेऊन ठेवाव्यात.

उंची कमी असलेल्यांनी दस्त्याची लांबी आवर्जून पाहावी. जाड जाकीट घातल्यावर लांब दस्ता काखेत अडकतो, गाल नीट टेकत नाही आणि मग नेम वर जातो. दुकानात पातळ शर्टावर बंदूक खांद्याला लावून निर्णय घेऊ नये.

पाणवठा (न्यू जर्सी)

सर्वांचे प्रतिसाद वाचले. दोन शंका आहेत. मी एच-१बी व्हिसावर आहे. मला रायफल विकत घेता येईल का? आणि दुसरी अधिक मूलभूत: नेमकेपणा हवा तर बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (कडीसारखा दांडा हाताने मागे-पुढे सरकवून भरायची) स्वस्त, अचूक आणि लांब पल्ल्याची मिळत असताना लिव्हर-अ‍ॅक्शनचा आग्रह कशासाठी?

माळरान (मध्य ओहायो)

पाणवठा, पहिल्या शंकेचे उत्तर सावधपणे देतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. या मनाईला जे अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. म्हणून आधी शिकारी सुरक्षा शिक्षणाचा अभ्यासक्रम, मग परवाना, आणि त्यानंतरच बंदूक, असा क्रम ठेवावा लागतो. विक्रेत्याकडे ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरताना परवाना दाखवावा लागतो, आणि परवान्याची मुदत संपली तर घरातली बंदूक हीच कायदेशीर अडचण ठरते. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. न्यू जर्सीत राज्याचे स्वतंत्र आणि कडक नियम आहेत, त्यामुळे खरेदीपूर्वी वकिलाला विचारावे. व्हिसा पणाला लावून कोणतीही बंदूक घेऊ नये.

दुसऱ्या शंकेत तथ्य आहे. मोकळ्या शेताच्या कडेला बसून २०० यार्डांवर नेम धरायचा असेल आणि राज्य परवानगी देत असेल, तर बोल्ट-अ‍ॅक्शनच घ्यावी. लिव्हर-अ‍ॅक्शनची जागा दाट झाडीत, चालत-थांबत केलेल्या शिकारीत आहे. ती सडपातळ असते, एका हातात रिसीव्हरच्या जवळ तोल साधून धरता येते, डावखुऱ्यालाही जवळजवळ तितकीच सोयीची पडते, आणि पहिल्या गोळीनंतर गाल न हलवता दुसरे काडतूस चेंबरमध्ये जाते. लिव्हर ओढताना मात्र हात आखडता घेऊ नये. ती पुढे पूर्ण आणि मागे पूर्ण, ठामपणे ओढावी लागते. अर्धवट ओढली तर काडतूस मध्येच अडकते आणि नेमके हरीण समोर असताना हे घडते.

दगडीपार (मध्य पेनसिल्व्हेनिया)

लिव्हरची सोय आणि बोल्टचा लांब पल्ला हे दोन्ही गुण एकत्र हवे असतील त्यांच्यासाठी मधला मार्गही आहे. मॅगझिनच्या नळीत काडतुसे एकामागे एक असतात आणि मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीवर) टेकते. टोकदार गोळी वापरली तर धक्क्याने प्रायमर पेटण्याचा धोका असतो, म्हणून नळीच्या रायफलींत सपाट किंवा बोथट टोकाच्याच गोळ्या वापरतात. काडतुसे बनवणाऱ्या हॉर्नाडी कंपनीने मऊ, दबणाऱ्या टोकाची गोळी आणून यावर उपाय काढला आणि ३०-३० चा पल्ला थोडा वाढवला. ब्राउनिंग बीएलआर आणि हेन्री लाँग रेंजर यांना पेटीसारखे मॅगझिन असते, तर जुन्या सॅव्हेज ९९ मध्ये फिरते मॅगझिन होते. त्यामुळे .३०८ किंवा .२४३ सारखी टोकदार गोळ्यांची काडतुसे लिव्हरवरच चालवता येतात. सॅव्हेज ९९ आता बनत नाही, पण .३०० सॅव्हेजमधली चांगल्या अवस्थेतली मिळाली तर मी तरी सोडणार नाही.

रानगवत (विस्कॉन्सिन)

सुरक्षेबद्दल एक मुद्दा राहून गेला आहे, आणि माझ्या दृष्टीने तो काडतुसाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. हॅमर बाहेर असलेल्या रायफलीत हरीण निघून गेल्यावर ताणलेला हॅमर परत खाली आणावा लागतो. बॅरल जमिनीकडे आणि सुरक्षित दिशेला ठेवावी, हातमोजा काढावा, अंगठ्याने हॅमर घट्ट धरावा, मगच चाप हलकेच दाबावा, हॅमर सुटल्याचे जाणवताच बोट चापावरून काढावे आणि अंगठ्याने हॅमर सावकाश अर्ध्या खाचेपर्यंत (हॅमर अर्ध्यावर अडकून राहतो त्या जागेपर्यंत) आणावा. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी हे करताना हॅमर निसटू शकतो. मार्लिनला सुरक्षेची आडवी कळ असते; ती आधी लावून मग हॅमर उतरवावा. हेन्रीत अर्धी खाच नसते, तिच्यात हॅमर आणि फायरिंग पिन (प्रायमरवर ठोका देणारी खीळ) यांच्यामध्ये ट्रान्सफर बार (चाप दाबल्याशिवाय तो ठोका पोहोचू न देणारी पट्टी) असतो, त्यामुळे हॅमर पूर्ण खाली आणायचा असतो. आपल्या बंदुकीची रचना कोणती हे पुस्तिकेत वाचून, रिकाम्या बंदुकीवर घरी पुन्हा पुन्हा करून पाहावे.

बंदूक रिकामी करण्यातही फरक आहे. बाजूच्या झडपेतून भरायच्या मार्लिन-विंचेस्टरमध्ये उरलेले प्रत्येक काडतूस लिव्हरने चेंबरजवळ आणून बाहेर काढावे लागते. हेन्रीची आतली नळी पुढून ओढून काढली की काडतुसे तशीच हातात ओतता येतात. संध्याकाळच्या अंधारात गाडीपाशी उभे असताना ही सोय मला मोलाची वाटते. नव्या हेन्रींत बाजूची झडपही मिळते, म्हणजे दोन्ही मार्ग खुले राहतात.

सांजवारा (मिशिगन)

गोळीच्या धातूविषयीही लिहायला हवे, कारण मांस घरी मुलांच्या ताटात जाते. शिशाची गोळी हाडाला लागली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या खिम्यात शिसे आढळल्यामुळे तो वाटू नये असे तिथल्या आरोग्य विभागाने सांगितले होते. शुद्ध तांब्याच्या गोळ्या ३०-३०, .४४ आणि ४५-७० या तिन्हींत मिळतात. त्या महाग आहेत, आणि तुमच्या बंदुकीला मानवतात का हे थाळीवर तपासावे लागते, पण आमच्या घरी आम्ही त्याच वापरतो. शिशाचीच गोळी वापरत असाल तर जखमेच्या भोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकावे.

पाणवठा (न्यू जर्सी)

सर्वांचा आभारी आहे. माझा एक जुना सहकारी पेनसिल्व्हेनियात डोंगराळ भागात राहतो आणि त्याच्याबरोबरच मी जाणार आहे, त्यामुळे ३०-३० हे काडतूस जवळपास ठरले. आधी सुरक्षा अभ्यासक्रमाला नाव नोंदवतो. चष्मा असल्याने दुर्बीण लागेलच, म्हणून मार्लिन ३३६ कडे कल आहे. १५० ग्रेन घ्यावी की १७० ग्रेन, एवढेच सांगावे.

दगडीपार (मध्य पेनसिल्व्हेनिया)

दोन्हींची एकेक पेटी घ्यावी आणि तुमच्या बंदुकीतून जी थाळीवर एकवटून पडेल ती ठेवावी. हरणासाठी दोन्ही पुरेशा आहेत. निवड झाली की त्याच गोळीच्या आणखी पेट्या आणाव्यात, दुर्बीण तिच्यावरच जुळवावी आणि हंगामात गोळी बदलू नये. अंगावर फ्लुरोसंट नारिंगी कपडे लागतात: डोके, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच, आणि ते चहूबाजूंनी दिसले पाहिजेत. अभ्यासक्रम झाला की व्यक्तिगत निरोप पाठवा. आमच्या क्लबाच्या नेमबाजीच्या मैदानावर माझी ३३६ झाडून पाहता येईल, आणि मग दुकानात जाता येईल.